गणपूर्तीचा चहा

आमच्या मराठी मंडळातल्या मृणालचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या नेहमीच्या देशी दुकानाबाहेर गाडीत बसलो होतो. "काका, ड्राइव्ह करताय का? साइडला घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज जड होता, तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही आता पुन्हा मंडळाच्या हॉलच्या रॅम्पच्या परवानगीचं काढणार. मी सावध झालो. "गाडी उभीच आहे, बोल," असं मी जरा कोरडंच म्हणालो. "सुधाकरकाका गेले," ती म्हणाली, "सकाळी, झोपेतच. काकूंनी तुम्हाला सांगायला सांगितलं. त्यांना स्वतःला बोलवत नाहीये." फोन ठेवल्यावर मागच्या सीटवरची तांदळाची पिशवी मी उगाचच सरळ केली. सुधाकर वानखेडे हा माझा या देशातला सर्वांत जुना मित्र. त्याच्या जाण्याची बातमी ऐकतानाही मी समोरच्याच्या मनात काय आहे हे ताडत बसलो होतो. मी असा का झालो, आणि त्याची किंमत सुधाकरने कशी मोजली, हे या लेखात सांगायचं आहे. आमच्या मंडळातल्या अनेकांना ते वेगळंच माहीत आहे, आणि ते तसं माहीत असायला मीच कारण आहे.

सुधाकर नागपूरचा, मी सांगलीचा. एकाच गाडी कंपनीत आम्ही दोघं इंजिनिअर म्हणून लागलो. त्याला राहायला जागा मिळेपर्यंत तो आमच्याकडेच होता. माझी पत्नी नलिनी त्याला पहिल्या दिवशी "संकोच करू नका हो" म्हणाली, तर तो म्हणाला, "वहिनी, संकोच आमच्या नागपुरात मिळतच नाही." पुढे शैलावहिनी लग्न होऊन आल्या, त्यांच्या अदितीचा जन्म झाला, दोन्ही घरं एकमेकांच्या दारात वाढली. त्याला नियमांचं भारी वेड होतं. सभा कशी चालवायची, सूचक कोण, अनुमोदक कोण, किती माणसं असली की गणपूर्ती होते, हे त्याला तोंडपाठ. आम्ही मंडळ काढलं तेव्हा घटना त्यानेच लिहिली. सभेत कोणीही काहीही मांडलं की सगळ्यांत आधी त्याचा हात वर जायचा आणि तो म्हणायचा, "अनुमोदन." अनुमोदक नसेल तर ठराव चर्चेलाही येत नाही, आणि आपल्या माणसाचं म्हणणं चर्चेला तरी यायला हवं, एवढाच त्याचा हेतू. मत देताना मात्र तो कधी कधी त्याच ठरावाच्या विरोधात हात वर करायचा. हळूहळू तो शब्द त्याच्या घरगुती बोलण्यातही शिरला. नलिनीने "चहा टाकू?" विचारलं की तो म्हणायचा, "अनुमोदन." अदिती लहान असताना तिला वाटायचं, मराठीत 'हो'ला अनुमोदन म्हणतात.

आमच्या मंडळाची वास्तू म्हणजे एक जुनं, छोटं चर्च. ते आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलं, शनिवार-रविवार घालवून स्वतः रंगवलं. समोर दगडी पायऱ्या, आत लाकडी जमिनीचा हॉल. कार्यकारिणी दरवेळी बिनविरोध व्हायची आणि अध्यक्ष बहुतेक वेळा मीच असायचो. ज्या वर्षी पहिल्यांदा खरी निवडणूक झाली, त्या वर्षी मृणालचं पॅनेल उभं राहिलं. पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर आलेली ही मुलगी, चटपटीत, अर्धं इंग्रजी बोलणारी. तिने आम्हाला सपाटून हरवलं. निकालाच्या संध्याकाळी ती तिच्या मैत्रिणीला म्हणत होती, "आधी तो हॉल मोकळा करायचा." मी मागेच उभा होतो. ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं. हॉल मोकळा करायचा म्हणजे सोडायचा, विकायचा, आणि कुठल्यातरी शाळेचं थिएटर भाड्याने घेऊन गाण्यांचे कार्यक्रम करायचे... मला सगळं चित्र दिसायला लागलं. तिला विचारावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

निवडणूक नोव्हेंबरात होते आणि नव्या मंडळींकडे कारभार संक्रांतीच्या कार्यक्रमात द्यायचा, अशी आमच्याकडची पद्धत. मधल्या काळात जुनी कार्यकारिणी नावापुरती असते. त्याच सुमारास जवळच्या एका राज्यात तसंच काही चाललं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. तिथे एका पक्षाने गव्हर्नरपद गमावलं होतं. नवे गव्हर्नर शपथ घेण्याआधी त्याच पक्षाच्या ताब्यातलं मावळतं विधिमंडळ त्यांचे अधिकार कापणारे कायदे करत सुटलं होतं. इंग्रजीत अशा प्रतिनिधींना लंगडी बदकं म्हणतात. आम्ही दोघं आमच्या किचनमध्ये बसून ते टीव्हीवर पाहत होतो. सुधाकर म्हणाला, "बदक लंगडं असते, पण चोच शाबूत असते ना बे." मी त्याच्यापेक्षा जास्त चिडलो होतो. मी म्हणालो, "लोकांनी यांना दार दाखवलं, आणि हे जाताना कुलूप बदलून चाललेत." सुधाकरला ते वाक्य इतकं आवडलं की पुढचे काही दिवस तो भेटेल त्याला ऐकवत होता, वर "आमच्या मनोहरचं आहे" असंही सांगत होता. कायद्याने त्यांना बंदी नव्हती, हे त्याला मान्य होतं. "पण मनोहर, अधिकार असणं वेगळं आणि लोकांनी तो तुझ्याकडे ठेवलेला असणं वेगळं. निकाल लागला की लोकांनी तो उचलून घेतलेला असते. आपण फक्त किल्ली देईपर्यंत थांबून राहिलेलो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी दुपारी, मी आमच्या मावळत्या कार्यकारिणीची सभा आमच्या बेसमेंटमध्ये बोलावली. घटनेत एक कलम होतं, की तातडीच्या प्रसंगी कार्यकारिणी नियमदुरुस्ती करू शकते. ते कलम सुधाकरनेच घातलं होतं, छत गळलं किंवा बॉयलर फुटला तर अडू नये म्हणून. त्याच कलमाखाली मी ठराव तयार केला होता. वास्तूबद्दलचा कोणताही निर्णय संस्थापक विश्वस्तांच्या एकमताशिवाय घेता येणार नाही, आणि हे विश्वस्त तहहयात राहतील. म्हणजे वास्तूच्या कागदांवर सह्या असलेले आम्ही तिघंच. बाहेर बर्फ पडत होतं. नऊ जणांच्या कार्यकारिणीपैकी पाचच आले, आणि गणपूर्ती पाचचीच होती. मी ठराव वाचला. सुधाकरने पहिल्यांदाच "अनुमोदन" म्हटलं नाही.

"हे काय करून राहिला तू?" त्याने विचारलं.

"वास्तू वाचवतोय. ती पोरं विकतील."

"कोण म्हणालं?"

"मी ऐकलंय."

"मग त्यांना विचार. संक्रांतीला सगळ्यांसमोर विचार. आपण आता काळजीवाहू आहोत, मनोहर. काळजी वाहायची, किल्ली द्यायची, घरी जायचं."

"काळजीच करतोय."

"नाही बे. तू कुलूप बदलून राहिला." तो उठला, खुर्चीवरचा कोट घेतला. "मी निघालो की तुम्ही चार. गणपूर्ती नाही, सभा नाही, ठराव नाही. काही भांडण नको, काही नको."

तो जिना चढायला लागला. एकदा का तो गॅरेजमध्ये जाऊन बूट घालून गेला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी खालूनच हाक मारली, "नलिनी, सुधाकर चहा न घेता निघालाय." मी ती हाक का मारली हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. नलिनीला काहीच माहीत नव्हतं. ती ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली आणि म्हणाली, "हे काय, भांडलात की काय? आमच्याकडून कोणी कोरडं गेलंय का कधी? तिथेच पायरीवर बसा, पण घेऊन जा." सुधाकरला जगात कोणालाही नाही म्हणता यायचं, नलिनीला येत नसे. कोट घातलेलाच होता, तसाच तो मधल्या पायरीवर तिरका बसला, तोंड वरच्या दाराकडे, आमच्याकडे पाठ, हातात कप. आमच्या बेसमेंटचा तो जिना भिंतीआड नाही, खोलीतच उतरतो. मी म्हणालो, "हजर पाच. ठराव मताला टाकतो." दुसऱ्या एकाने अनुमोदन दिलं आणि चार हात वर झाले. तो वळला नाही. चहा संपवला, कप पायरीवर ठेवला आणि निघून गेला. गणपूर्ती माणसाच्या हजेरीने मोजतात, मताने नाही, हे आम्हाला शिकवणारा तोच होता.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मी स्टेजवरून नव्या मंडळींना किल्ली दिली, हार घातले, आणि मग तो ठराव जाहीर केला. हॉलमध्ये कुजबुज झाली. मृणाल उभी राहून म्हणाली, "काका, हे तुम्ही इलेक्शन हरल्यावर केलंत? हू गेव्ह यू द राइट?" लोक माझ्याकडे बघत होते. ठराव माझ्या एकट्याचा वाटला असता तर तो तिथेच कोसळला असता. मी माइकमध्ये म्हणालो, "ठराव घटनेनुसार, सर्वानुमते मंजूर झालेला आहे. सूचक मी. अनुमोदक सुधाकर वानखेडे." कुजबुज थांबली. वानखेडेकाका आहेत म्हणजे नियमात बसत असणार, असा लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. तो तिसऱ्या रांगेत बसला होता, हातात तिळगुळाची कागदी वाटी. नंतर पार्किंगमध्ये मला गाठून त्याने एकच शब्द विचारला, "अनुमोदक?"

"सवयीने निघालं रे तोंडातून. पुढच्या सभेत दुरुस्त करतो."

"कर," तो म्हणाला.

मी केलं नाही. पुढची सभा माझ्या हातातली नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. मग असं सांगितलं की लोक विसरले असतील. खरोखरच सवयीने नाव आलं होतं, असंही मी वर्षानुवर्षं मानत राहिलो... पण मी स्वतःला इतका ओळखतो, की माझा माझ्यावर विश्वास नाही. त्या क्षणी मला एका भरवशाच्या नावाची गरज होती, आणि ते माझ्या तोंडात तयार होतं.

लोक विसरले तर नाहीतच, उलट त्यांनी स्वतःचं गणित मांडलं. घटना वानखेडेंनी लिहिली, पळवाट वानखेडेंनी ठेवली, अनुमोदन वानखेडेंनी दिलं, म्हणजे डोकं वानखेडेंचं आणि बिचारे मनोहरकाका फक्त पुढे. हे माझ्या कानावर यायचं. मी ते कधी खोडून काढलं नाही. सुधाकर आमच्या घरी येत राहिला, हसत राहिला, पण बेसमेंटमध्ये कधी उतरला नाही. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. नलिनीने "चहा टाकू?" विचारलं की तो आता "चालेल" म्हणायचा. तो दुसरा शब्द त्याने सोडून दिला होता.

त्याला अर्धांगाचा झटका आला आणि तो व्हीलचेअरवर आला, तेव्हा चर्चच्या त्या दगडी पायऱ्या पहिल्यांदा आमच्या डोळ्यांत भरल्या. रॅम्प बांधायचा तर वास्तूत बदल, आणि बदल म्हणजे सगळ्या तहहयात विश्वस्तांचं एकमत. एक फ्लोरिडात, एक पुण्यात परत गेलेला, एक मी. त्या दोघांनी होकार कळवला. मृणाल रॅम्पचं ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आली. इथे घर विकायच्या आधी लोक ते दुरुस्त करून घेतात, तेच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "आज रॅम्प, उद्या छत, परवा विकायला रिअल्टर."

"काका, रॅम्प म्हणजे फक्त रॅम्प. आम्ही हॉल विकणार असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. निकालाच्या दिवशी. हॉल मोकळा करायचा, म्हणालीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मखरं, काका. वीस गणपतींची मखरं आणि मोडक्या खुर्च्या पडल्या होत्या तिथे. मुलांना प्रॅक्टिसला जागा नव्हती. ती काढायची होती."

इतकं सरळ उत्तर. तरी मी "विचार करून सांगतो" म्हणालो. ती गेल्यावर मला वाटलं, ही उत्तर तयारच ठेवून आली असेल. एवढ्या वर्षांच्या संशयावर मी बरंच काही उभं केलं होतं, तो खोटा निघालेला मला परवडणारा नव्हता.

मग गणपतीच्या दिवशी मृणालचा नवरा नीरज आणि अजून एक जण सुधाकरला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवत होते. वर उभा असलेला एक जण चेष्टेत म्हणाला, "काका, तुमच्याच ठरावाच्या पायऱ्या आहेत या. आता भोगा." सगळे हसले. सुधाकरही तोंडाच्या एका बाजूने हसला. त्याची नजर माझ्याकडे आली. मीही हसलो. माझ्या हातून झालेल्या सगळ्या गोष्टींत ते हसणं मला सगळ्यांत जास्त छळतं.

त्याची शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मृणालने सुचवलं की कधीतरी रॅम्प झालाच तर त्याला सुधाकरकाकांचं नाव द्यावं. मागून कोणीतरी हळू आवाजात, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "ज्यांनी अडवला त्यांचंच?" पुढच्या रांगेत शैलावहिनी बसल्या होत्या. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. मी सतरंजीकडे बघत राहिलो. नंतर अदिती माझ्याजवळ आली. ती आता स्वतः वकील आहे. तिने विचारलं, "मनोहरकाका, वॉज इट रिअली बाबाज आयडिया?" मी म्हणालो, "इट वॉज अ लाँग टाइम अगो, बाळा." ती मान हलवून गेली. वकिलाला उत्तर कधी टाळलं जातं ते कळतं.

दोन आठवड्यांनी मी शैलावहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं, चहाच्या हाकेसकट.

"मला माहीत आहे, भाऊजी. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग तो बोलला का नाही कधी?"

"मीही भांडले होते त्यांच्याशी. म्हटलं, उभं राहून सांगा ना, की मी नाही म्हणालो होतो. तर म्हणाले, चहा तर प्यायलो ना मी तिथे बसून. आता कोणत्या तोंडाने सांगू?" पुढे त्या म्हणाल्या, "आणि म्हणाले, मनोहर दुरुस्त करतो म्हणाला आहे."

मी म्हणालो, मी आता लिहिणार आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लिहा. पण हे त्यांच्यासाठी आहे की तुमच्यासाठी, ते आधी ठरवा. ते काही आता हात वर करून हरकत घ्यायला येणार नाहीत."

तेव्हापासून मी तेच ठरवतो आहे, आणि ठरत नाही. सुधाकरने मला माफ केलं होतं, की तो "कर" म्हणून मला मुद्दाम तसंच ठेवून गेला, हेही मला कळत नाही. संशयाची सवय माणूस मेल्यावरही सुटत नाही. हा लेखसुद्धा एका मावळत्या माणसाने, ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाबद्दल केलेला ठरावच आहे. तरीही त्यातली वाक्यं खरी आहेत, म्हणून ती स्पष्ट लिहितो. सुधाकर वानखेडे यांनी त्या ठरावाला अनुमोदन दिलं नव्हतं. मतही दिलं नव्हतं. ठराव माझा होता, लोकांनी आम्हाला हरवल्यानंतरचा होता, आणि तो करायचा अधिकार तेव्हा माझ्याकडे उरलेला नव्हता. रॅम्प अडवला तो मी. त्याची संमती मी मृणालकडे दिली आहे आणि तहहयात विश्वस्तपदही सोडलं आहे. रॅम्पला कोणाचं नाव द्यायचं, हे निवडून आलेल्यांनी ठरवावं. अदितीला हा लेख छापून यायच्या आधी मी पाठवतो आहे.

एक गोष्ट मात्र मला कळली. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होतो, की पायरीवर पाठ करून बसलेल्या सुधाकरला माझं "हजर पाच" कदाचित ऐकू गेलं नसेल. काल दुपारी नलिनीने चहा दिला, तो घेऊन मी बेसमेंटच्या जिन्यावर त्याच पायरीवर जाऊन तसाच तिरका बसलो, खोलीकडे पाठ करून. पायरीच्या लाकडावर कपाचा एक गोल डाग आहे. त्याच्याच कपाचा असेल असं नाही. खाली आमची नात फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. तिथून मागचं काही दिसत नाही, समोर फक्त वरचं दार दिसतं, उघडं. पण तिचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता. मी तसाच बसून राहिलो आणि चहा गार होऊ दिला.